बरबाट आणि साखर

आमच्या माण तालुक्यातली बोकडं बकरी ईदच्या आधी ट्रकात भरून गोवंडीला जायची. वांद्र्याचा जुना कत्तलखाना हलवून 1971 साली तिथं देवनारला नवा सुरू झाला, तेव्हापासून मुंबईतला बोकडांचा मोठा बाजार तिथंच. माझा धाकटा भाऊ अशाच एका ट्रकाबरोबर गेला आणि गोवंडीचाच झाला. बोकडं उतरवायची, मोजायची, हिशेब ठेवायचा. पस्तिशीच्या आत त्याला साखर निघाली. हातपाय काटक्या, नुसतं पोट सुटलेलं.

आई माळकरी. म्हणाली, "रोज मटान खातोय, त्येचं फळ हाय."

मलाही तसंच वाटलं. आमच्या लहानपणी मटण वर्षातनं दोन-तीनदा; जत्रेला, आखाडात, नाहीतर कुणाच्या कंदुरीला. एका बोकडाचे वाटे दहा घरांत जायचे. बरबाटात माणसी दोन फोडी आल्या तर नशीब. त्यात भाकरी चुरायची आणि दुसऱ्या दिवशी रानात राबायचं. गोवंडीत भावाचं ताट निराळं: वाटीभर मटण, पाव, वर भात आणि दिवसभर गोड चहा.

2024 साली 20 देशांतल्या जवळपास 20 लाख माणसांच्या अभ्यासाचा निकाल आला. रोज 100 ग्रॅम लाल मांस जास्त खाण्याशी मधुमेहाचा धोका सुमारे 10 टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे आईचं बोलणं अगदीच वाया नव्हतं.

पण मग आमच्या दिंडीतल्या माळकऱ्यांना साखर कशी?

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भार बाया आणि त्यांची लेकरं अभ्यासली. लेकरं जन्मतः बारीक, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. निम्म्याहून अधिक बायांत बी-12 जीवनसत्त्व कमी. ते मिळतं मांस, अंडी, दूध यांतनं. ज्या आयांत बी-12 कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याचं दिसलं.

हे वाचलं आणि 1972 चा दुष्काळ डोळ्यांपुढं आला. आई पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडत होती. चाऱ्यावाचून शेरडं विकलेली, म्हणून घरात दूध नाही. खायला लाल मिलोची भाकरी. कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आम्हा पोरांसाठी आणायची. 1973 च्या उन्हाळ्यात भाऊ जन्मला. मूठभर होता.

एका माणसाची साखर मटणानं आली की पोटातल्या उपासानं, हे बोट ठेवून कुणी सांगू शकत नाही. भावाला मात्र मी सांगितलं, "फोडी दोनच घे, पाव-भात कमी कर, चाल." दर महिन्याला ज्वारीचं पोतं गोवंडीला धाडतो.

आईला यातलं काही सांगितलं नाही. मटणाला बोल लावते, लावू दे. ती सुकडी आम्हीच खाल्ली होती.