‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

मराठी माणसाला हा प्रश्न विचारला, तर उत्तर देण्यास तो क्षणभरही थांबत नाही. ‘आनंदीबाईने!’ म्हणून तो मोकळा होतो. खटला चालला नाही, आरोपीचे म्हणणे कोणी ऐकले नाही. पण शिक्षा मात्र भाषेने कायमची ठोठावली. या निकालाची थोडी फेरतपासणी आपण करू.

निर्विवाद गोष्टी आधी पाहू. थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात वारले आणि धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग आदी गारदी पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव धावत जाऊन चुलत्यांच्या गळ्यात पडले, आणि तेथेच त्यांचा अंत झाला. वाचवावयास आलेला चापाजी टिळेकरही त्यांच्यासमवेत मारला गेला.

हे कोणाच्या आज्ञेने? न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दोष रघुनाथरावांवर ठेवला. या पापाला देहान्त प्रायश्चित्तच, असे त्यांना तोंडावर सांगून शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले. रघुनाथरावांचे म्हणणे असे, की आपण धरण्याचा हुकूम दिला, मारण्याचा नव्हे. म्हणजे कटात ते होते, हे त्यांच्याच तोंडून ठरते. वाद उरतो तो ‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांमधल्या अंतराचा.

ते अंतर आनंदीबाईंनी मिटविले, ही कथा ग्रँट डफच्या इतिहासाने सर्वतोमुखी केली. तो ग्रंथ १८२६ चा, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी आलेला. रामशास्त्र्यांना मूळ कागदावर फेरफार दिसला, असे डफ सांगतो. पण तो बाईंनी केला, हे सांगताना आधार देतो लोकांच्या समजुतीचा! तो कागद आज अभ्यासकांपुढे नाही. अक्षर कोणाचे, शाई कोणती, हे ताडून पाहण्याची सोय नाही. मग निकाल कशावरून?

याचा अर्थ बाई निर्दोष ठरल्या, असा नव्हे. त्या करारी होत्या, राजकारण जाणत होत्या, आणि पती पेशवे झाल्यास लाभ त्यांचाही होता. पण हेतू म्हणजे पुरावा नव्हे. गारद्यांनाही स्वतःचा हेतू होताच. जिवंत सुटलेला पेशवा आपल्याला जिवंत सोडणार नाही, हे ते ओळखून होते. रघुनाथरावांनी रदबदली केली, पण सुमेरसिंगाने ती जुमानली नाही, असे डफच लिहितो. तसे असेल, तर अक्षर बदलावयाची गरज तरी काय होती?

पुढे बारभाईंनी रघुनाथरावांना पदच्युत केले. ते इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि १७७५ च्या सुरतेच्या तहाने घरचे भांडण परक्यांच्या हाती पडले. साऱ्या राज्याला भोवलेल्या या अपराधाचे ओझे एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर टाकणे सोयीचे होते. त्यामुळे चुलत्याने पुतण्यावर शस्त्रधारी भाडोत्री माणसे घातली, ही मूळ गोष्ट झाकली गेली. रामशास्त्र्यांनी बोट ठेवले होते ते तिच्यावरच. आमच्या मते, जेवढे सिद्ध तेवढ्यालाच दोष द्यावा आणि उरलेला प्रश्न मोकळा ठेवावा. त्या निःस्पृह न्यायाधीशाचे नाव घेणाऱ्यांना एवढे तरी पाळता यावे.