टायर ऑनलाईन घ्यायचा की तालुक्याच्या दुकानातून? पैसे देण्याआधी हे तपासा

मोबाईलवर टायर दुकानापेक्षा काहीशे रुपयांनी स्वस्त दिसतो, बटण दाबलं की घरपोच येतो. त्यामुळे गावाकडेही आता दुचाकीचे टायर ऑनलाईन मागवले जातात. पण टायर म्हणजे मोबाईलचं कव्हर नव्हे. साईझ चुकली तर पैसे अडकतात. आणि जुना, कडक झालेला माल गळ्यात पडला, तर भर पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी घसरून जीवावर बेतू शकतं. म्हणून खरेदी कुठूनही करा, आधी पुढच्या गोष्टी समजून घ्या.

साईझ कशी वाचायची?

टायरच्या बाजूवर आकडे कोरलेले असतात. समजा स्कूटरच्या टायरवर ९०/१००-१० ५३ जे असं लिहिलंय. यात ९० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. १०० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या १०० टक्के. १० म्हणजे रिमचा व्यास १० इंच. ५३ हा वजनाचा आकडा, म्हणजे हा टायर २०६ किलोपर्यंत भार पेलतो. ‘जे’ म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा वेग. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर १३.६-२८ असेल, तर रुंदी १३.६ इंच आणि रिम २८ इंची.

पुढचा आणि मागचा टायर वेगळा असू शकतो, हे विसरू नका. ट्यूबचा हवा की ट्यूबलेस, हेही आधी बघा. तारांच्या चाकाला सहसा ट्यूब लागतेच.

तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका

‘डॉट’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. १५२५ असेल तर टायर २०२५ सालच्या १५ व्या आठवड्यात तयार झालेला. रबर न वापरताही हळूहळू कडक होतं, म्हणून दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल नको म्हणून सांगा. सोबत आयएसआय मार्क आहे का तेही तपासा.

ऑनलाईनचा फायदा कुठे?

एकाच वेळी चार कंपन्यांचे भाव समोर दिसतात. तालुक्याला न मिळणारी साईझही सापडते. बिल मोबाईलवर येतं, ते हरवत नाही. पण तारीख ऑर्डर करताना सहसा दिसत नाही. म्हणून पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि साईझ, तारीख बघूनच पुढे जा. टायर एकदा रिमवर चढवला की तो परत घ्यायला विक्रेते सहसा तयार होत नाहीत. विक्रेत्याचं नाव आणि परतीचे नियम पैसे भरण्याआधीच वाचा.

दुकानाचा फायदा कुठे?

माल हात लावून बघता येतो. फिटिंग तिथंच होतं. जुना टायर देऊन काही पैसे कमी करता येतात, ओळखीवर थोडी उधारीही चालते. ट्रॅक्टरच्या मागच्या जड टायरसाठी तर जवळचं दुकानच सोयीचं. तोटा असा की साईझ आणि कंपन्या मोजक्याच मिळतात, आणि काही ठिकाणी पक्कं बिल द्यायला टाळाटाळ होते. बिलाशिवाय घेतलेला टायर खराब निघाला, तर तक्रार करायची कशाच्या जोरावर?

खरा हिशोब असा मांडा

समजा टायर ऑनलाईन १,५०० रुपयांना आणि दुकानात फिटिंगसकट १,७५० रुपयांना आहे. ऑनलाईनवाल्याला फिटिंगचे १५० आणि नव्या व्हॉल्व्हचे ५० धरले, तर खर्च १,७०० झाला. राहिले ५० रुपये. त्यात चाक घेऊन तालुक्याला जायचं पेट्रोल वेगळंच. कारच्या टायरला बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचाही खर्च धरा.

जीएसटीही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकी आणि कारच्या नव्या टायरवरचा कर २८ वरून १८ टक्के, तर ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचा १८ वरून ५ टक्के झाला आहे. बिलावर कोणता दर लावलाय ते बघून घ्या.

वॉरंटी आणि तक्रार

कंपनीची वॉरंटी साधारणपणे बनवण्यातल्या दोषाला असते. खिळा घुसला, दगडानं कापला किंवा हवा कमी ठेवल्यानं टायर खराब झाला, तर ती लागू होत नाही. दोष मान्य झाला तरी बहुतेक वेळा टायर जेवढा झिजलाय तेवढे पैसे कापूनच भरपाई मिळते.

विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी दिल्लीला जावं लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फीही नाही.

मग घ्यायचा कुठून?

आधी जुन्या टायरवरच्या आकड्यांचा फोटो काढा. ऑनलाईन भाव बघा आणि तोच दुकानदाराला दाखवून विचारा. बरेचदा तोही थोडा खाली येतो. फरक थोडाच असेल तर जवळचं दुकान बरं, कारण उद्या काही झालं तर माणूस समोर सापडतो. फरक मोठा असेल किंवा साईझच मिळत नसेल, तर ऑनलाईन घ्यायला हरकत नाही. मात्र दोन्हीकडे पक्कं बिल आणि ताजी तारीख, या दोन गोष्टींवर तडजोड नको.