सृष्टीची साक्ष आणि फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे

साखळीनजीक हरवळे येथे जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. जवळच धबधबा व रुद्रेश्वराचे देवालय आहे. पावसाळ्यात तेथे उभा राहणारा मनुष्य, मग तो कोणत्याही धर्माचा असो, क्षणभर मौन धरतो. या मौनाचा आधार घेऊन ‘हे सारे आपोआप झाले काय?’ असे विचारावे आणि त्या पायावर श्रद्धेच्या शिक्षणाची इमारत उभारावी, असे धर्मशिक्षकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु साखळी ही नव्या काबिजादींपैकी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पोर्तुगीज अमलाखाली आली व येथील बहुसंख्य समाज हिंदूच राहिला. येथे हा प्रश्न विचारला असता शेजारी तत्काळ म्हणतो, ‘आपोआप कसे होईल? देवानेच केले,’ आणि रुद्रेश्वराला हात जोडतो. वाद जिंकला खरा. पण त्यात हाती काय आले?

ही अडचण प्रेषितांच्या काळापासूनची आहे. लुस्त्र येथे संत पौल व बर्णबा यांनी खेडवळ लोकांपुढे पाऊस, पीकपाणी व अन्नाची तृप्ती हीच देवाची साक्ष म्हणून मांडली. श्रोत्यांना ती पटली नाही असे नव्हे. पण ते बैल आणि हार घेऊन प्रेषितांनाच बळी अर्पण करावयास निघाले होते व त्या भाषणानंतरही त्यांना आवरणे कठीण गेले. रोमकरांस लिहिताना मात्र तोच प्रेषित निःशंकपणे सांगतो की निर्मात्याचे सामर्थ्य निर्मितीवरून समजते. ही दोन्ही स्थळे एकत्र वाचावीत, असे आम्हांला वाटते.

भारतात तर या प्रश्नाची चर्चा ख्रिस्ती धर्मोपदेशकांची वाट पाहत थांबली नव्हती. नैयायिकांचे अनुमान सर्वश्रुत आहे: घट हे कार्य, त्याला कुंभार हा कर्ता, जग हे कार्य, म्हणून त्यालाही कर्ता असला पाहिजे. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याच मार्गाने ईश्वरसिद्धी केली. उलट सांख्य म्हणाले की वासरासाठी दूध जसे जाणिवेवाचून स्रवते, तशी जड प्रकृती पुरुषासाठी प्रवृत्त होते. रामानुजाचार्य ईश्वरनिष्ठांचे मुकुटमणी. पण त्यांनीच अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही, तो शास्त्रानेच कळतो, असे ठामपणे प्रतिपादिले. घटादिकांच्या दृष्टांतावरून एकच कर्ता कशावरून, अनेक का नव्हेत, हा त्यांचा आक्षेप. १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्यूमच्या संवादांत हाच आक्षेप आढळतो आणि तो युरोपात नवा म्हणून गाजला!

या परंपरेत मुरलेला एक मराठी माणूस पुढे ख्रिस्ताचा शिष्य झाला, ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे. १८२५ साली झाशीजवळ एका चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते काशीत वाढले व १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘षड्दर्शन दर्पण’ हा त्यांचा ग्रंथ १८६० चा. ते अँग्लिकन मंडळीचे धर्मगुरू होते, आपल्या मंडळीचे नव्हते. पण तेवढ्यावरून त्यांचे लेखन आपल्या अभ्यासिकांत अपरिचित राहावे, याचे समर्थन करता येत नाही.

षड्दर्शनांची तपासणी करताना गोऱ्ह्यांनी एका गोष्टीवर बोट ठेवले. नैयायिकांचा ईश्वर निमित्तकारण आहे. परमाणू व जीव त्याच्याइतकेच अनादी. कुंभार मातीला आकार देतो, माती उत्पन्न करीत नाही. म्हणजे दृष्टांत जेथवर नेतो तेथवरच अनुमान गेले. शून्यातून केवळ इच्छेने जग निर्माण करणारा देव त्या अनुमानाच्या टोकाला नव्हताच.

पुढे १८७० च्या दशकात मुंबई व पुणे येथे प्रार्थना समाजाच्या व ब्राह्म विचारांच्या मंडळींशी त्यांचा वाद झाला. सृष्टी व सद्सद्विवेक यांवरून एक, पवित्र, पित्यासारखा देव आम्हांला कळतो, मग ग्रंथाचे काय प्रयोजन, असे ते सज्जन म्हणत. गोऱ्ह्यांचे उत्तर ऐतिहासिक होते. हाच सूर्य, हेच तारे आमच्या पूर्वजांनीही पाहिले. बुद्धीने ते तुमच्याहून उणे नव्हते. मग त्यांना हा देव का सापडला नाही? जे ज्ञान तुम्ही निसर्गाचे म्हणता ते ख्रिस्ती शास्त्राच्या सहवासातून तुमच्यापर्यंत आले आहे, असा त्यांचा आशय होता.

या उत्तराचे सामर्थ्य मान्य करूनही ते जसेच्या तसे आम्हांला घेता येत नाही. संतमंडळींनी ज्याला माउली म्हटले, त्या देवाची ओळख या भूमीला मुळीच नव्हती असे वाळवंटीच्या तीरी, विठ्ठलापुरात कोण म्हणेल? शिवाय १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने निःसंदिग्ध शब्दांत शिकविले आहे की निर्मित वस्तूंवरून, मानवी बुद्धीच्या स्वाभाविक प्रकाशाने, देवाला निश्चितपणे ओळखणे शक्य आहे. मात्र ‘शक्य आहे’ म्हणणे वेगळे आणि ‘सर्वांना तसे घडते’ म्हणणे वेगळे. त्याच लेखात परिषद असेही सांगते की हे ज्ञान सर्वांना सहज, खात्रीने व चुकीच्या मिश्रणावाचून लाभावे यासाठी प्रकटीकरण दिले गेले. गोऱ्ह्यांचा इतिहास या दुसऱ्या वाक्याचेच उदाहरण होय.

फादर थॉमस स्टीफन्स यांची रीत येथे आठवते. १५७९ मध्ये गोव्यात पोहोचताच त्यांनी पित्याला लिहिलेल्या पत्रात वारे, पक्षी, उडते मासे यांचे डोळस वर्णन आहे. निसर्गाकडे त्यांचे लक्ष नव्हते असे कोणी म्हणू नये. तरी १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त त्यांनी प्रमाणांची मालिका नव्हे, तर उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची कथा ओव्यांत गुंफली. सृष्टी तेथे कथेचा पहिला अध्याय म्हणून येते.

आणि आजची सृष्टी? डिचोलीच्या डोंगरांतून लोहखनिज निघाले आणि लाल माती पावसाबरोबर शेतांत उतरली. २०१२ मध्ये खाणकाम थांबले तेव्हा त्यावर जगणारी घरे ओस पडली. खाणीच्या काठावर उभे राहून सृष्टीची सुव्यवस्था शिकविणाऱ्याला श्रोत्यांचा प्रतिप्रश्न येणारच. १८५९ नंतर डार्विनने पॅलीच्या घड्याळाला जो धक्का दिला, त्याहून हा प्रश्न आमच्या धर्मशिक्षकांना अधिक वेळा ऐकावा लागतो. तेथे अनुमान थांबते, आणि जखमी हातांच्या प्रभूविषयी बोलावे लागते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे. ब्राह्म विचारांमुळे एक देव त्या मानीत होत्याच. सृष्टीने तेवढे त्यांना दिले होते. पुढचे पाऊल पडण्यात गोऱ्ह्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्हे १८९५ मध्ये मुंबईत वारले.