हंडी, रोबो आणि नियमांची वही

हार्बरफ्रंटला व्हिवोसिटीत २०१९ साली वाचनालय सुरू झाले, तेव्हापासून आमच्या घरचा शनिवार बहुधा तिथेच जातो. समोर सेंटोसा, टेबलावर मुलांचे कागद. गेल्या सुट्टीत चार मुलांनी एक खेळ रचायला घेतला. ओसाड ग्रहावर रोबो भंगार वेचतात. ज्याचे भंगार जास्त त्याचा रोबो दणकट, आणि दणकट रोबोने दुबळ्याचे हिसकावून घ्यावे. तिसऱ्या फेरीतच आमच्या धाकटीचा रोबो रिकामा झाला आणि ती रुसून बसली. "काका, तुम्ही इंजिनिअर ना? नियम करून द्या," असा हुकूम निघाला. डॉक्टरेट असूनही मला ते चटकन जमेना. म्हणून अशा खेळांचे नियम आजवर कोणी, कसे केले ते चाळू लागलो.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीमध्ये प्रा. वूडी फ्लॉवर्स यंत्ररचनेचा एक वर्ग घेत. प्रत्येक विद्यार्थ्याला भंगारवजा सुट्या भागांचा सारखाच संच मिळे. त्यातून यंत्र बनवायचे आणि वर्गमित्राच्या यंत्राशी सामना द्यायचा. हाती सामान सारखे, त्यामुळे कस लागे तो डोक्याचा. जपानमध्ये प्रा. मासाहिरो मोरी यांनी अशा स्पर्धांना चालना दिली आणि १९८८ पासून एनएचकेने त्या दूरचित्रवाणीवर आणल्या. पुढे २००२ मध्ये टोकियोला आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची पहिली 'रोबोकॉन' भरली. यजमान जपान, पण जिंकले व्हिएतनामचे हो चि मिन्ह सिटीचे तंत्रविद्यापीठ!

या स्पर्धेची एक रीत मला फार आवडते. दरवर्षी यजमान देश नियम नव्याने लिहितो, आणि तेही आपल्या मातीतला विषय घेऊन. त्यामुळे गेल्या वर्षीच्या विजेत्याला जुन्या यंत्रावर विसंबून राहता येत नाही. २००८ साली यजमानपद भारताकडे आले. पुण्यात बालेवाडीला सामने झाले आणि विषय होता आपली दहीहंडी! तीन मिनिटांच्या सामन्यात रोबोंनी हंडीपर्यंत पोचायचे. चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने बाजी मारली. गोविंदा आपला, लोणी त्यांचे! पण हंडी किती उंच, हे सर्व संघांना आधीच ठाऊक होते आणि पडला तर यंत्रच पडणार होते.

त्याच काळात मुंबई-ठाण्यातील खऱ्या हंड्यांचे काय चालले होते? बक्षीस थरांवर, म्हणून थर वाढत गेले. २०१२ मध्ये ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला. पथकाच्या मेहनतीला माझा नमस्कार. पण जिथे गुण उंचीला मिळतात तिथे उंची वाढणारच, हे कोणताही प्रोग्रामर सांगेल. हंडी बांधणारा मंचावर बसतो, पडतो तो वरच्या थरावरचा पोरगा. शेवटी नियम न्यायालयाला करावे लागले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटी कायम ठेवल्या. २०१७ मध्ये उंचीची अट गेली, १४ वर्षांखालील मुलांना थरांपासून दूर ठेवण्याची अट राहिली.

मंडळी, आपण परदेशात मुलांना शिकवण्या लावतो, स्पर्धांना पाठवतो, गुणांचे तक्ते मांडतो. तेव्हा हंडी कोण बांधतो आणि चढतो कोण, हा प्रश्न मला आता स्वतःलाच विचारावासा वाटतो.

पुढच्या शनिवारी मुलांना हे सगळे सांगितले. त्यांनी दोन नियम घातले. ओझे जितके जास्त तितकी बॅटरी लवकर संपेल, आणि रिकाम्या रोबोकडून कोणी काही घ्यायचे नाही. तिसरा नियम धाकटीने लिहिला: जो नियम करेल त्याने सर्वांत दुबळा रोबो घेऊन खेळायचे. अर्थात तो माझ्या वाट्याला आला. मी हरलो, पण खेळ शेवटच्या फेरीपर्यंत चालला आणि कोणी रुसले नाही.

गणपतीत ज्यांना खेळून पाहायचे असेल त्यांनी फासे घेऊन यावे. वही आमच्याकडे आहे.