नटाची कीर्ति : डॉ. काशिनाथ घाणेकर

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागांत वासिष्ठी नदी चिपळुणावरून वाहत येते व दाभोळच्या खाडीनें समुद्रास मिळते. खाडीच्या दक्षिण तीरास गुहागर तालुका, उत्तर तीरास दापोली तालुका. धोपाव्यास फेरीबोटींत बसलें कीं पलीकडे दाभोळ. या चिमुकल्या टापूनें महाराष्ट्रास पुष्कळ कर्तीं माणसें दिलीं. गुहागर तालुक्यांतील कोतळूक या गांवीं १८६६ सालीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. दापोलीकडील मुर्डी गांवानें कादंबरीकार श्री. ना. पेंडसे दिले. गोखल्यांचीं भाषणें छापील ग्रंथांत आजही वाचावयास मिळतात. पेंडशांच्या कादंबऱ्या ग्रंथालयांत आहेत. परंतु याच खाडीच्या माथ्याशीं, चिपळुणास, १९३० सालीं जन्मलेल्या आणखी एका गुणी पुरुषाची कमाई अशी कपाटांत जपून ठेवतां येत नाहीं. ते डॉ. काशिनाथ घाणेकर; शिक्षणानें दंतवैद्य, वृत्तीनें नट.

घाणेकरांच्या बाळपणीं मराठी रंगभूमीचे दिवस फिरले होते. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला, आणि पुढील कांहीं वर्षांत जुन्या नाटकमंडळ्यांचे तंबू एकामागून एक उठले. स्वातंत्र्यानंतर नाटकानें पुन्हां बाळसें धरलें तें नव्या संस्थांच्या बळावर. गोवा हिंदु असोसिएशननें १९६२ सालीं वसंत कानेटकरांचें ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आणलें. मास्टर दत्ताराम शिवाजीमहाराज झाले, घाणेकर संभाजीराजे. संभाजीचें चरित्र मराठी नाटकाला नवें नव्हतें. गडकऱ्यांनीं ‘राजसंन्यासा’त तोच विषय घेतला होता. कानेटकरांनीं मात्र राज्यापेक्षां घर पाहिलें : थोर पित्याच्या छायेंत गुदमरलेला, प्रेमाला भुकेलेला मानी पुत्र. असा पुत्र उभा करण्यास जें जळतें तारुण्य हवें होतें तें घाणेकरांपाशीं होतें. एका भूमिकेनें ते महाराष्ट्राच्या डोळ्यांत भरले.

चार वर्षांनीं, १९६६ मध्यें, प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेनें कानेटकरांचेंच ‘अश्रूंची झाली फुले’ आणलें. पणशीकर सत्त्वशील प्राचार्य विद्यानंद, घाणेकर उनाड विद्यार्थी लाल्या. नाटकाच्या ओघांत दोघांच्या वाटा उलट होतात; गुरु गुन्हेगारीकडे ओढला जातो, आणि वाया गेलेला शिष्य पोलीस अधिकारी होऊन परततो. नाटकाचें तात्पर्य गुरूच्या बाजूस होतें, प्रेक्षकांचें मन मात्र लाल्यानें नेलें. महाविद्यालयांतील तरुणांस आपल्याच वयाचा, आपल्याच भाषेंत बोलणारा कोणी रंगमंचावर प्रथमच भेटला. जाहिरातींत सर्व नटांचीं नांवें संपल्यावर शेवटीं ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ असें छापलें जाऊं लागलें. त्या एका उभयान्वयी अव्ययासाठीं तिकिटांच्या खिडकीपुढें रांगा लागत.

त्यांची शक्ति एका साच्याची नव्हती. ‘आनंदी गोपाळ’मध्यें ते हट्टी, विक्षिप्त, तरीही पत्नीला विद्येच्या वाटेवर रेटणारे गोपाळराव जोशी झाले. पेंडशांच्या ‘गारंबीच्या बापू’च्या नाट्यरूपांत चिपळूणच्या या सुपुत्रानें खाडीपलीकडच्या मुलुखांतला बंडखोर बापू उभा केला.

चित्रपटांनींही त्यांना बोलाविलें. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४), राजदत्तांचा ‘मधुचंद्र’ (१९६७), ‘एकटी’ (१९६८), ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) हे त्यांतील प्रमुख. परंतु येथें दैवाची एक खोड दिसते. ‘पाठलाग’ हिंदींत ‘मेरा साया’ झाला तेव्हां ती भूमिका सुनील दत्त यांच्याकडे गेली. ‘अश्रूंची झाली फुले’वरून १९६९ सालीं ‘आँसू बन गये फूल’ निघाला. त्यांत अशोककुमार होते, पण लाल्याच्या जागीं घाणेकर नव्हते. बापू तेवढा त्यांना पडद्यावर मिळाला, तोहि १९८० सालीं, वयाच्या पन्नाशींत. ज्या भूमिकेनें त्यांना नांव दिलें ती पडद्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्यानें वावरली.

अशा लोकप्रियतेचें मोलही जबर असतें. प्रेक्षक नाटकासाठीं न येतां नटासाठीं येऊं लागला म्हणजे टाळी नाटककाराच्या वाक्यावर न पडतां नटाच्या प्रवेशावरच पडते, आणि रोज रात्रीं तीच टाळी मिळविण्याचा भार एका माणसाच्या जिवावर येतो. दौऱ्यांची दगदग, मद्याची जडलेली संगत आणि टाळ्या ओसरण्याची धास्ती यांनीं घाणेकरांस पोखरलें. पत्नी कांचन घाणेकर यांनीं ‘नाथ हा माझा’ या पुस्तकांत हें सर्व प्रेमानें, पण कांहीं न लपवितां लिहिलें आहे. २ मार्च १९८६ रोजीं, नाटकाच्या दौऱ्यावर असतांनाच, अमरावती येथें त्यांचें निधन झालें. वय अवघें पंचावन्न.

दीड शतकापूर्वीं लंडनच्या रंगभूमीनें हेंच पाहिलें होतें. एडमंड कीन या नटानें शेक्सपिअरच्या भूमिकांनीं इंग्लंडला वेड लावलें. त्यालाही मद्यानें ग्रासलें. २५ मार्च १८३३ रोजीं ऑथेल्लो करतांना तो रंगमंचावरच आपल्या मुलाच्या बाहूंत कोसळला, व थोड्याच आठवड्यांत वारला. कीनचा आवाज कोणी ऐकलेला आज जिवंत नाहीं. तरीही तो विसरला गेला नाहीं, कारण हॅझलिटसारखा जाणता टीकाकार प्रेक्षागृहांत बसत असे व पाहिलेलें बारकाईनें लिहून ठेवीत असे.

घाणेकरांच्या वांट्यास काय आलें? पत्नीचें पुस्तक आलें. आणि २०१८ सालीं ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा चित्रपट निघाला, त्यांत सुबोध भावे घाणेकर झाले. नव्या पिढीनें लाल्या पाहिला तो पुन्हां दुसऱ्याच्याच चेहऱ्यानें. जुन्या पिढीच्या मनांत तो अजून आहे. पण त्या प्रेक्षकांचीं वयें आतां उतरणीस लागलीं आहेत. गोखल्यांचा शब्द छापखान्यानें राखला. नटाचा शब्द राखावयाचा तर तें काम प्रेक्षकाचें आहे, आणि तें त्यानें आपल्या हयातींतच उरकावयाचें असतें. ज्या घरांत लाल्याचा प्रयोग पाहिलेले आजोबा अथवा आजी आहेत, तेथें नातवंडांनीं वही घेऊन शेजारीं बसावें; घाणेकरांचें खरें चरित्र अद्याप तेथें आहे.