शेपटीचा हिशेब

मंडळी, जिवाणूची शेपटी चाबकासारखी फडकत नाही, पंख्यासारखी गरगर फिरते, हे १९७४ मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन यांनी दाखवलं. शेपटी काचेला चिकटवली, तर अख्खा जिवाणूच फिरायला लागला! मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त आवडते.

एका शेपटीला फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाचे साधारण २०,००० रेणू लागतात. बुडाची मोटर आणि हुक तयार नसताना ते बनवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, आणि एवढ्याशा पेशीला ती परवडायची नाही. पण हुक झाला, हे आत कळणार कसं? डोळे नाहीत, मुकादम नाही.

१९९२ मध्ये जपानच्या ओनिशी, कुत्सुकाके वगैरेंनी साल्मोनेलात दाखवलं, की एक प्रथिन (नाव रुक्ष आहे, एफएलजीएम) सिग्मा-२८ ला धरून बसतं. सिग्मा अडकला, की फ्लॅजेलिनचं जनुक बंद. मग सुटका कशी? उत्तर १९९३ मध्ये केली ह्यूज आणि सहकाऱ्यांनी दिलं. हुक पुरा झाला, की त्याच पोकळ नळीतून एफएलजीएम पेशीबाहेर टाकलं जातं. सिग्मा मोकळा, जनुक चालू! अडवणाऱ्यालाच हाकलायचं, तेही नव्या बांधकामातून... काय डोकं आहे!

आता हुक सुमारे ५५ नॅनोमीटरचाच का होतो, तो कोण मोजतं? ते पुढच्या वेळी.