सुकाणू कोण धरणार? समुद्री शिडाच्या बोटीवरच्या एका उपकरणाचा इतिहास

उपकरणाचा इतिहास लिहायला घेतला की आपण बहुतेक वेळा यादी करतो. कोणी शोधलं, कधी शोधलं, मग सुधारणा कोणी केली. पीएचडीच्या पहिल्या प्रकरणात अशा याद्या भरपूर सापडतात. यादी चुकीची नसते, पण ती प्रश्न विचारत नाही. आज एक वेगळी पद्धत दाखवतो. उदाहरण लांबच्या समुद्रप्रवासाच्या शिडाच्या बोटीचं घेऊ. अशा बोटीवर होकायंत्र, सेक्स्टंट, नांगर, पंप, रेडिओ असं बरंच सामान असतं. त्यातलं एकच उपकरण निवडू: वाऱ्यावर चालणारं सेल्फ-स्टीअरिंग.

अडचण साधी आहे. माणूस एकटा, किनारा हजारो मैल दूर. झोप तर घ्यावीच लागणार. मग सुकाणू कोण धरणार?

पहिला प्रश्न: उपकरण नव्हतं तेव्हा ते काम कोण करत होतं?

जोशुआ स्लोकम 1895 ते 1898 या काळात 'स्प्रे' नावाच्या 36 फूट 9 इंचांच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. वेळ बघायला त्याच्याकडे एक स्वस्तातलं पत्र्याचं घड्याळ होतं. सेल्फ-स्टीअरिंग नव्हतंच. तरी हिंदी महासागरात कीलिंग बेटांपर्यंतच्या 23 दिवसांच्या, 2,700 मैलांच्या टप्प्यात आपण जेमतेम तीन तास सुकाणूवर होतो, असं तो लिहितो. सुकाणू बांधून ठेवायचं आणि खाली जाऊन वाचत बसायचं!

हे कसं शक्य झालं? बोटीच्या तळाचा कणा, म्हणजे कील, लांबलचक होती, त्यामुळे बोट चटकन वळत नसे. शिडांवरचा वाऱ्याचा जोर आणि पाण्याखालच्या भागाचा अडथळा यांचा तोल नीट जमला, तर बोट रस्ता सोडू लागताच शिडांवरचा दाब बदलतो आणि तिला परत आणतो. तुम्ही सर्किटमध्ये शिकलात तोच हा निगेटिव्ह फीडबॅक, फक्त लाकूड आणि कापडाचा. म्हणजे स्लोकमकडे उपकरण 'नव्हतं' असं म्हणणं अर्धंच खरं. ते बोटीच्या आकारातच होतं. हा मुद्दा शोधांच्या यादीत कधीच दिसणार नाही.

दुसरा प्रश्न: ते उपकरण नेमकं काय करतं?

1960 मध्ये प्लिमथ ते न्यूयॉर्क अशी एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली. कल्पना ब्लॉन्डी हॅस्लर या ब्रिटिश मरीन अधिकाऱ्याची. फ्रान्सिस चिचेस्टर 40 दिवसांत पोचून जिंकला आणि हॅस्लर 48 दिवसांत दुसरा आला. दोघांच्याही बोटींवर वाऱ्याने चालणारं स्टीअरिंग होतं.

पुढे हॅस्लरने जी रचना विकसित केली ती आजही वापरात आहे. तिची युक्ती समजून घ्या. वाऱ्याची दिशा ओळखणारं पातं हलकं असतं. मोठं सुकाणू फिरवायची ताकद त्यात नसते. म्हणून ते पातं फक्त पाण्यात उभी असलेली एक फळी थोडीशी तिरकी करतं. बोट पुढे जात असते, त्यामुळे धावतं पाणी त्या तिरक्या फळीला जोरात बाजूला ढकलतं. फळी लंबकासारखी झुलते आणि दोऱ्यांनी सुकाणू ओढते. माहिती वाऱ्याकडून, ताकद पाण्याकडून. वीज शून्य! बोट जितकी वेगात, तितकी ओढ जास्त.

मर्यादाही इथेच लपली आहे. हे यंत्र दिशा धरत नाही, वाऱ्याशी असलेला कोन धरतं. तुम्ही झोपेत असताना वारा फिरला, तर बोटही गुपचूप त्याच्यामागे वळते. आपण नेमकं काय मोजतोय आणि काय मोजतोय असं वाटतंय, यातला फरक प्रयोगशाळेतही असाच नडतो.

तिसरा प्रश्न: मोडलं तेव्हा काय झालं?

उपकरणाची खरी किंमत ते बंद पडल्यावर कळते. 1968 मध्ये न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर झाली. नऊ जण निघाले, पूर्ण करणारा एकच: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहेली' ही सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. लांबी 32 फुटांच्या जरा वर, घडण जुन्या वळणाची, कील लांब. 14 जून 1968 ला तो फालमथहून निघाला. वाटेत रेडिओ बंद पडला आणि ऑस्ट्रेलियाजवळ सेल्फ-स्टीअरिंगही मोडलं. मग? शिडांचा तोल साधून, सुकाणू बांधून, म्हणजे स्लोकमच्याच पद्धतीने, तो पुढे गेला. 22 एप्रिल 1969 ला परत फालमथला पोचला. उपकरण गेलं, पण आधीची पद्धत बोटीच्या घडणीत शिल्लक होती.

आता त्याच शर्यतीतला डोनाल्ड क्राउहर्स्ट बघा. हा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. त्याची 'टीनमथ इलेक्ट्रॉन' ही तीन सांगाड्यांची बोट सगळ्यात आधुनिक असणार होती. बोट कलंडू लागली की सेन्सर ओळखणार, संगणक आज्ञा देणार आणि डोलकाठीच्या टोकावरची पिशवी फुगून बोट सावरणार, अशी योजना. 31 ऑक्टोबर 1968, शेवटची मुदत. तो निघाला तेव्हा बोटीत वायरी ओढलेल्या होत्या, पण ज्या संगणकाला त्या जोडायच्या तो तयारच झाला नव्हता. काही दिवसांतच सेल्फ-स्टीअरिंगचे स्क्रूही निसटू लागले.

दक्षिण महासागरात ही बोट टिकणार नाही हे त्याला कळलं होतं. परत फिरलं तर कर्ज आणि नामुष्की. तो अटलांटिकमध्येच राहिला आणि रेडिओवरून खोटी प्रगती कळवत गेला. एकदा तर दिवसाला 243 मैलांचा विक्रम. 10 जुलै 1969 ला बोट रिकामी तरंगताना सापडली. आत त्याच्या नोंदवह्या होत्या आणि त्यांतूनच खरा प्रवास उलगडला. नॉक्स-जॉन्स्टनने आपलं 5,000 पौंडांचं बक्षीस क्राउहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकलं.

क्राउहर्स्टला नुसता लबाड म्हणून सोडून देऊ नका. मुदत, पैसा, आधीच दिलेलं आश्वासन आणि न चालणारं उपकरण, हे चौघं एकत्र आले की काय होतं, त्याची ही नोंद आहे. फेलोशिपच्या तिसऱ्या वर्षी हे चौघं तुमच्याही टेबलाभोवती बसलेले असू शकतात. अशा वेळी 'सेटअप चालत नाहीये' हे गाइडला लवकर सांगणं स्वस्त पडतं. प्रत्येक खोट्या आकड्यानंतर परतीचा रस्ता लांबत जातो.

पुरावा म्हणून पुनर्निर्मिती

2018 मध्ये हीच शर्यत पुन्हा झाली, 1968 च्या धाटणीच्या उपकरणांनिशी: जीपीएस नाही, सेक्स्टंट आणि वाऱ्यावरचं स्टीअरिंग. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी 'सुहेली'च्या नमुन्यावर गोव्यात बांधलेल्या 'तुरीया'तून उतरले. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. जुन्याच घडणीची बोट, तरी निकाल वेगळा. म्हणून 'सुहेली जिंकली, कारण ती भक्कम होती' असं एका उदाहरणावरून लिहू नका. भक्कमपणा हे एक कारण. कोणत्या दिवशी कोणतं वादळ गाठेल हे दुसरं.

तुमच्या विषयातलं एखादं उपकरण घ्या, सेंट्रीफ्यूज असो वा स्पेक्ट्रोमीटर, आणि हेच तीन प्रश्न एका पानावर लिहून बघा. तिसऱ्याचं उत्तर छापील पेपरमध्ये क्वचितच मिळेल. त्यासाठी लॅबच्या जुन्या नोंदवह्या उघडा, आणि तिथल्या सर्वांत जुन्या टेक्निशियनकाकांशी बोला.